पुन्हा येणाऱ्या माणसांची संस्था : ‘नारी’ची तीन दशके

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, जी ब्लॉकमधल्या ७३ क्रमांकाच्या प्लॉटवर राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी आहे. पुणे परिसरात तिला सगळे ‘नारी’ म्हणूनच ओळखतात. स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे इमारती, यंत्रसामग्री, शोधनिबंध आणि पाहुण्यांच्या भेटी यांची यादी करायची, अशी रीत आहे. ‘नारी’कडे या सगळ्याची वाण नाही. पण या संस्थेने जे काही शोधले ते एकाच गोष्टीवर उभे राहिले. एकदा रक्त देऊन गेलेला माणूस ठरल्या दिवशी पुन्हा दवाखान्यात आला. तो यावा म्हणून झटणाऱ्या आणि स्वतःहून येत राहिलेल्या अशा दोन्ही बाजूंच्या माणसांची दखल घेत हा आढावा लिहिला आहे.

पूर्वपीठिका : १९८६ ते १९९२

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले गेले, तेव्हा एचआयव्ही भारतात येऊन पोहोचल्याचे कळले. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. तरीही ‘हा परदेशातला रोग, आपल्याकडे घरं शाबूत आहेत’ असे छातीठोकपणे सांगणारे पुढची कित्येक वर्षे भेटत राहिले. त्यांत डॉक्टरही होते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) तपासणीसाठी सुरुवातीला जी संदर्भ केंद्रे नेमली, त्यांत वेल्लोरबरोबर पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी ही संस्था आणि ससूनसारखे मोठे सरकारी रुग्णालय या दोन्ही गोष्टी पुण्यात तयारच होत्या. शिवाय शहराचा स्वभाव बदलत होता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गाव सोडून आलेले एकटे पुरुष, मुंबई-बंगळूर महामार्गावरचे ट्रकचालक, लष्करी छावण्या आणि देहविक्रयासाठी ओळखली जाणारी बुधवार पेठ हे सगळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नारी’ सुरू झाली.

पहिले दशक : १९९२ ते २००२

संस्था भोसरीला असली तरी तिचे खरे काम सुरू झाले ते गुप्तरोगाच्या दवाखान्यांत. त्या काळी या दवाखान्यांकडे जाणारा रस्ताच माणसे टाळत. गाडीखान्यातला महापालिकेचा डॉ. कोटणीस दवाखाना आणि चिंचवडचे तालेरा रुग्णालय ही नावे पुढे ‘नारी’च्या कामाशी कायमची जोडली गेली. मे १९९३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने इथल्या रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू झाला. डॉ. जे. जे. रॉड्रिग्ज, डॉ. संजय मेहेंदळे, डॉ. रमण गंगाखेडकर, डॉ. रमेश परांजपे, डॉ. अरुण रिसबूड ही नावे त्या दशकातल्या निबंधांवर वारंवार दिसतात. निबंधावर नाव न येणारे समुपदेशक, परिचारिका, तंत्रज्ञ, फिल्डवर्कर आणि वाहनचालक मात्र त्यांच्या कितीतरी पट होते.

या पाठपुराव्याचे गणित सांगायला सोपे आणि करायला महाकठीण होते. ज्याचे रक्त आज निगेटिव्ह आहे त्याला दर तीन महिन्यांनी बोलवायचे, पुन्हा तपासायचे. अशाने नवी लागण कुणाला, कधी आणि कशामुळे होते ते कळते. पण आलेला माणूस जखमेवर मलम घ्यायला आलेला असे. त्याला अर्धा तास बसवून घ्यायचे, दार लावायचे, ‘बायकोशिवाय कुणाकडे जाता का’ हे विचारायचे. लाकडी नमुन्यावर निरोध कसा चढवायचा ते दाखवायचे. बऱ्याचदा समोरचा माणूस वयाने मोठा आणि समुपदेशक नुकतीच समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी. पहिली काही मिनिटे दोघेही टेबलाकडे बघत. मग मुलगीच बोलायला लागे, आणि ती न लाजता बोलते म्हटल्यावर तोही बोलू लागे. आधी समजावणे, लेखी संमती घेणे, मग रक्त घेणे, आणि निकाल सांगताना पुन्हा समजावणे हा क्रम आज सगळीकडे रुळला आहे. तेव्हा तो पुण्यात घडवावा लागत होता.

पाठपुराव्याचा दुसरा भाग म्हणजे पत्ता. ‘मारुती मंदिरामागे, पत्र्याची चाळ’ एवढ्या खुणेवर माणूस शोधायचा. शोधताना आपण कुठून आलो ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळता कामा नये. चौकशी झाली तर काय सांगायचे याची तयारी ठेवावी लागे, आणि दारात भलताच माणूस आला तर काही न बोलता परतावे लागे. संख्याशास्त्रज्ञांच्या तक्त्यात ‘पाठपुरावा पूर्ण’ असा जो रकाना असतो, तो या पायपिटीने भरला. संस्थेच्या इतिहासात या कामाला पहिला मान द्यायला हवा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हाती आलेले आकडे धक्का देणारे होते. पहिल्या चौदा महिन्यांत तपासलेल्या २८०० रुग्णांपैकी २३.४ टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध झाले. निगेटिव्ह असलेल्यांच्या पाठपुराव्यातून वर्षाकाठी शंभरातल्या दहा जणांना नव्याने लागण होत असल्याचे दिसले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत हेच प्रमाण सव्वीसच्या घरात होते. हे आकडे मांडल्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला. पुण्याचे नाव बदनाम होते अशी नाराजीही कानावर आली. संस्थेने त्यावर वाद घातला नाही, पुढचे नमुने तपासायला घेतले.

या दशकातला सर्वांत महत्त्वाचा निबंध, निदान प्रतिबंधाच्या दृष्टीने, १९९७ चा. १९९३ ते १९९६ दरम्यान या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा हा अभ्यास डॉ. गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडला. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यातील लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के. ते अपेक्षितच होते. उरलेल्या ३९१ जणींचा देहविक्रयाशी संबंध नव्हता. त्या बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. त्यांच्यात प्रमाण निघाले १३.६ टक्के. ‘जोखमीचे वर्तन’ हा शब्द तोवर सगळे सहज वापरत होते. या बायकांनी कसले वर्तन केले होते? लग्न केले होते, एवढेच. निरोध वापरा, एकनिष्ठ राहा, हा सल्ला त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. एकनिष्ठ त्या होत्याच, आणि निरोधाचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

संस्थेच्या पुढच्या कामाचा रोख या निबंधाने बदलला. समुपदेशनात नवऱ्याला बोलावणे, जोडप्याला एकत्र बसवणे, बाईच्या हातात राहील असे साधन शोधणे ही सूत्रे इथून सुरू होतात.

बाईची लागण तिच्यापाशीच थांबत नाही. आईला लागण झाली आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर साधारण तीनातल्या एका बाळाला ती होते. शिवाय आईबाप दोघेही गेले की मूल उरते. योगायोग असा की त्याच १९९७ साली विजयाताई लवाटे यांनी ‘मानव्य’ ही संस्था सुरू केली. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की मुळशी तालुक्यातले भुगाव येते. तिथे ‘गोकुळ’ या नावाने एचआयव्हीबाधित अनाथ मुलांचे घर उभे राहिले. भोसरीतल्या प्रयोगशाळेने जे तक्त्यात पाहिले, त्याचा पुढचा भाग भुगावात खेळत, आजारी पडत, वाढत होता. हे कार्य ‘नारी’चे नव्हे आणि त्याचे श्रेय ‘नारी’ने घेऊ नये. पण या जिल्ह्यातला एचआयव्हीचा इतिहास भोसरीपुरता लिहिला तर तो अर्धाच राहील. ‘प्रयास’ संस्थेचा आरोग्य गट, विलास चाफेकरांची ‘वंचित विकास’, बुधवार पेठेतल्या स्त्रियांचा ‘सहेली संघ’ अशा अनेकांनी याच काळात पुण्यात पाय रोवले. सरकारी संस्थेला जिथे फाइल लागते तिथे ही माणसे चप्पल घालून निघत.

पहिल्या दशकात मतभेद झाले का? झाले. संशोधन आधी की सेवा आधी, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत या ना त्या वेषात येई. सर्वांच्या सामंजस्याने त्यातून मार्ग निघत गेला, एवढे नमूद करणे स्मरणिकेला पुरेसे आहे.

दुसरे दशक : २००२ ते २०१२

पहिल्या दशकात समुपदेशकाकडे देण्यासारखे औषध नव्हते. पॉझिटिव्ह निकाल सांगायचा आणि ‘खाणेपिणे सांभाळा’ म्हणायचे. महागडी औषधे विकत घेणारे थोडे होते. शेत विकून काही महिने घेणारे आणि मग थांबवणारेही होते. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधे, मोफत द्यायला सुरुवात केली. २००६ च्या अखेरीस मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम आला. एवढ्या एका बदलाने दवाखान्यातली हवा पालटली. तपासून घ्यायला काहीतरी कारण मिळाले.

दुसऱ्या दशकाची ठळक घटना म्हणजे ७ फेब्रुवारी २००५ रोजी पुण्यात सुरू झालेली भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी. आयसीएमआर, नॅको आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम (आयएव्हीआय) यांच्या सहकार्याने ती झाली. लसीत आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराच्या विषाणूची काही जनुके एका निरुपद्रवी विषाणूवाहकात घातलेली होती. अख्खा विषाणू त्यात नव्हता, त्यामुळे लसीने एड्स होणे शक्य नव्हते. हे सांगायला दोन वाक्ये लागतात, पटवायला महिने लागले. तीस निरोगी स्त्री-पुरुष स्वयंसेवक हवे होते. घरी काय सांगायचे, लसीमुळे पुढे एखाद्या तपासणीत प्रतिपिंडे दिसली तर नोकरीत किंवा परदेशी जाताना अडचण येईल का, असे प्रश्न विचारणारी माणसे बैठकांत येत. ते प्रश्न योग्यच होते. संमतीपत्र वाचून दाखवणे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून सन्मानाने परत पाठवणे, ही शिस्त या चाचणीने संस्थेला लावली. लस सुरक्षित ठरली, पण तिने निर्माण केलेली प्रतिकारशक्ती माफक निघाली आणि ती वाट तिथेच थांबली. २००९ मध्ये पुणे आणि चेन्नईत वेगळ्या दोन लसी एकापाठोपाठ देण्याची आणखी एक चाचणी झाली. एचआयव्हीची परिणामकारक लस आजही जगात कुठे नाही. गौरवाच्या पानांवर हे लिहिताना हात थोडा अडखळतो. पण त्या स्वयंसेवकांनी वेळेवर हजर राहून जी माहिती दिली, ती वाया गेलेली नाही.

बाईच्या हातातले साधन शोधण्याचा धागाही याच दशकात पुढे गेला. टेनोफोविर या औषधाचे योनीमार्गात लावायचे जेल सुरक्षित आहे का, हे तपासणाऱ्या २०० स्त्रियांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन शहरांबरोबर पुणे होते. आपल्याकडच्या बायका असल्या अभ्यासात यायच्या नाहीत, हा अंदाज त्यांनी खोटा ठरवला.

दरम्यान मोजणीचे काम वाढत गेले. पश्चिम भागातल्या राज्यांच्या एचआयव्ही निगराणीची जबाबदारी ‘नारी’कडे आली. गरोदर मातांच्या रक्तनमुन्यांपासून ट्रकचालकांच्या सर्वेक्षणापर्यंतचा हा पसारा कंटाळवाणा वाटतो, बातमीत येत नाही. पण देशातल्या बाधितांचा अंदाज २००७ मध्ये सुमारे ५२ लाखांवरून जवळपास २५ लाखांवर आणता आला तो अधिक विस्तृत निगराणीमुळे आणि घरोघरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणामुळे. त्याच वर्षी ‘नारी’च्या अभ्यासकांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत नव्या लागणीचे प्रमाण घटत असल्याचे दाखवले. पहिल्या दशकात वाईट बातमी देणाऱ्या याच दवाखान्यांनी चांगलीही दिली.

दशक संपता संपता आले ‘०५२’. हा जागतिक अभ्यास संस्थेत नुसत्या आकड्याने ओळखला जातो. नऊ देशांतली १७६३ जोडपी त्यात होती. प्रत्येक जोडप्यातला एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. ब्राझील, केनिया, थायलंड यांच्याबरोबर भारतातून चेन्नई आणि पुणे ही केंद्रे होती. प्रश्न साधा होता : पॉझिटिव्ह जोडीदाराला प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता लगेच एआरटी दिली, तर दुसऱ्याचा बचाव होतो का? मे २०११ मध्ये निकाल वेळेआधीच जाहीर करावा लागला, इतका तो स्पष्ट होता. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ नव्या लागणींपैकी २७ उशिरा औषध सुरू केलेल्या गटात होत्या. लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त एक. लागणीचा धोका ९६ टक्क्यांनी घटला होता. ‘सायन्स’ नियतकालिकाने त्या वर्षातली सर्वांत मोठी वैज्ञानिक कामगिरी म्हणून त्याची निवड केली. उपचार आणि प्रतिबंध हे दोन वेगळे विभाग आहेत, ही समजूत त्या दिवशी निकालात निघाली. संशोधन आधी की सेवा आधी, या जुन्या वादातही फारसा अर्थ उरला नाही.

पुण्यातली ती जोडपी वर्षानुवर्षे एकत्र दवाखान्यात येत राहिली. लग्नाला, जत्रेला, पेरणीला गावी जाऊन पुन्हा आली. त्यांची नावे कुठेही छापली जाणार नाहीत, आणि तसेच असायला हवे.

तिसरे दशक : २०१२ ते २०२२

यानंतरचा काळ धोरणात रूपांतर होण्याचा. सुरुवातीला रक्तातल्या सीडी-फोर या रोगप्रतिकारक पेशी २०० च्या खाली गेल्यावरच औषध सुरू होई. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकत गेली आणि २०१७ मध्ये निदान होताच उपचार हे देशाचे धोरण झाले. गरोदर मातेला आयुष्यभराची तिहेरी औषधे देण्याची पद्धत त्याआधीच आली होती. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी आणि बाधिताशी नोकरी, शाळा, रुग्णालयात भेदभाव हे त्यामुळे बेकायदेशीर ठरले. दवाखान्याचे दार लावून बोलण्याची जी रीत नव्वदीत पाळली गेली, तिला कायद्याचे बळ मिळाले.

जिल्ह्याचा नकाशाही बदलला होता. मुळशी तालुका पूर्वी धरणासाठी, भातासाठी आणि ताम्हिणीच्या पावसासाठी माहीत होता. आता त्याच तालुक्यात हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, आणि डोंगरात बांधकामांवर परराज्यांतून आलेले मजूर आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमात स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक हे वेगळे गट मानले जातात, त्याचे कारण इथे डोळ्यांनी दिसते. बुधवार पेठेत पत्ता शोधणे अवघड होते. इथे तर माणूस तीन महिन्यांत साइट बदलतो, सिमकार्ड बदलतो, गाव बदलतो. गिऱ्हाइकांच्या भेटी फोनवरून ठरू लागल्याने बुधवार पेठेतले मध्यस्थही कमी झाले. समुपदेशनाची भाषा मराठीपुरती राहिली नाही. पाठपुराव्याची जुनी पद्धत या माणसांपुढे अपुरी पडते, हे मान्य करायला हवे.

२०२० मध्ये डॉ. गंगाखेडकर यांना पद्मश्री मिळाली. ते तेव्हा दिल्लीत आयसीएमआरच्या मुख्यालयात होते आणि त्या वर्षीच्या वसंतात कोविडच्या पत्रकार परिषदांतून त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला. गुप्तरोग दवाखान्यात घाबरलेल्या माणसाशी बोलण्याचा सराव तिथे कामी आला असणार, असे त्यांचे जुने सहकारी म्हणत. भोसरीत ‘नारी’च्या प्रयोगशाळांनी कोविड तपासण्यांचा भार उचलला. एआरटी घेणाऱ्यांना टाळेबंदीत एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याचे धोरण आल्याने अनेकांचा उपचार खंडित झाला नाही.

आजचे काम

संस्थेचे नाव आता राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणूशास्त्र आणि एड्स संशोधन संस्था असे झाले आहे. बोलताना लोक अजून ‘नारी’च म्हणतात आणि बहुधा म्हणत राहतील. निगराणी, तपासणी प्रयोगशाळांची गुणवत्ता, औषधांना दाद न देणारे विषाणू, वर्तनाचा अभ्यास आणि लसीचे मूलभूत संशोधन ही कामे सुरू आहेत. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख माणसे एचआयव्हीसह जगत होती आणि त्यांतली सुमारे चार लाख महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रौढांमधील प्रमाण देशात ०.२१ टक्क्यांवर आले होते.

प्रमाण उतरले की निधी उतरतो आणि नव्या पिढीची भीतीही. महाविद्यालयातल्या मुलांना एड्सचे जुने भिंतीवरचे फलक माहीत नाहीत. त्यांना घाबरवून काही साधणार नाही, पूर्वीही फारसे साधले नव्हते. दुसरीकडे, जन्मतः लागण घेऊन आलेली नव्वदीतली मुले आता तिशीकडे झुकली आहेत. नोकरी करतात, भाड्याची खोली घेतात, कुणाच्या तरी प्रेमात पडतात. लग्न करू का, मूल होऊ देऊ का, त्याला निगेटिव्ह ठेवता येईल का, असे प्रश्न घेऊन ती समुपदेशकासमोर बसतात. गोळ्या नियमित असतील आणि रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली असेल, तर जोडीदाराला लागण होत नाही, हे त्यांना आज ठामपणे सांगता येते. तसे सांगता यावे म्हणून पुण्यातल्या जोडप्यांनी ‘०५२’साठी रक्त दिले होते. आता या मुलांना व्हायरल लोडसाठी पुन्हा यायचे आहे, आणि त्यांची तारीख कार्डावर लिहून दिलेली आहे.